मशीनचा सा

कामरगाव,
शुक्रवार, ६ डिसेंबर १९४६

ती. रंगरावमामांना,

विजयमालेचा नमस्कार. आई-बाबा बरे आहेत, वांगी चांगली आली आहेत. हे पत्र एका चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही दसऱ्याला नागपूरहून पाठवलेली आडवी गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारं यंत्र, दोन्ही उत्तम चालतात. गिटारीपुरतं ते खरं आहे. यंत्राला मी "उत्तम" लिहायला नको होतं. तुम्ही लढाईनंतर विकायला काढलेल्या लष्करी डिस्पोजलच्या मालातून एकेक वस्तू जमवून ते माझ्यासाठी बांधलंत, म्हणून माझ्या हातून तसं लिहिलं गेलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे.

यंत्र गुणगुणतं. चालू केलं, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले, की लाऊडस्पीकरमधून एक सखल, एकसारखा सूर निघतो. गिटार माझ्या मांडीवर नसली, अगदी तिची वायर काढून ठेवली तरीही निघतो. बाबांच्या जुन्या पेटीचा भाता फाटला आहे, पण आईनं दोन्ही हातांनी धरून दाबला तर एकेक पट्टी बोलते. त्या पेटीशी ताडून पाहिलं. गुणगुण बरोबर काळी तीनवर आहे.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, कारण दोष माझाही असू शकेल. चढ्या तारेवर मी रे वाजवला की त्याच्याखाली आणखी एक सूर ऐकू येतो. तो मी वाजवलेला नसतो आणि त्याचं रे शी जमतही नाही. सा आणि प वाजवले तर येत नाही. रे ला मात्र हमखास येतो. आठ दिवस रोज पाहिलं. बाबांनी घरी शिकवलं तेव्हा म्हणाले होते, बेसूर ऐकू आलं तर आधी आपला हात पाहा. हात पाहिला.

वीज आम्ही कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यातून घेतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती एसी आहे, डीसी नव्हे, तुमच्या सांगण्यावरून विचारून घेतलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी कारखान्याच्या आवारात भजन असतं, तेव्हा यंत्र तिथं नेऊन लावते.

मी तक्रार करत नाही. विचारते आहे.

तुमची भाची,
विजयमाला


नागपूर,
११ डिसेंबर १९४६

चि. विजयमाला हीस रंगरावमामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. आमच्याकडे रेडिओ घेऊन येणारं गिऱ्हाईक म्हणतं, "आवाज येत नाही." तू पहिलीच, जिची तक्रार आहे की जास्त येतो.

यंत्रात दोष नाही. मी स्वतः बांधलं आहे. दोष जोडणीत असणार. जमिनीत दोन हात लोखंडी सळई ठोक, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ घाल, वर पाणी ओत आणि यंत्राच्या लोखंडी बैठकीपासून तिथपर्यंत तार ने. लाऊडस्पीकरची वायर विजेच्या वायरीपासून लांब ठेव. गिटारीवर डिस्पोजलच्या हेडफोनमधलं जे वेटोळं मी बसवलं आहे, त्याचं तोंड फिरवून पाहा. इतकं केलंस की गुणगुण जाईल.

रे च्या खालच्या सुराचं म्हणशील, तर तो मनाचा खेळ आहे. तुला लहानपणी तांदळात न सापडलेला खडाही दाताखाली लागायचा.

ताईला सांग, भाता दाबायला तिला बसवू नकोस म्हणून मी लिहिलं आहे.

रंगराव


कामरगाव,
शुक्रवार, २७ डिसेंबर १९४६

ती. रंगरावमामांना,

विजयमालेचा नमस्कार.

सळई ठोकली. दोन हात म्हणजे कोणाचे हात हे तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून बाबांचे दोन हात धरले. कोळसा, मीठ, पाणी घातलं. वायर लांब नेली. वेटोळ्याचं तोंड आठही दिशांना फिरवलं. गुणगुण आहे तिथंच आहे, काळी तीनवर. रे च्या खालचा सूरही आहे. मी आईला न सांगता रे वाजवला आणि विचारलं, किती सूर ऐकू आले? ती म्हणाली, "एक तुहा अन् एक कोनाचा तरी." म्हणजे मनाचा खेळ असला तर दोघींचा आहे.

आता जे लिहिते ते मागेच लिहायला हवं होतं.

आमच्या भजनी मंडळाचे नानाजीबुवा आणि वीणा धरणारे पुंजाजीआबा यांचं नऊ वर्षं भांडण होतं. भांडण सा चं. नानाजीबुवा पांढरी चारवर सुरू करायचे. पुंजाजीआबांची वीणा पांढरी पाचला लावलेली. नानाजीबुवा म्हणायचे, "माह्या गुरूनं सा इथं ठेवला." आबा म्हणायचे, "मंग तुह्या गुरूले घेऊन ये. माही वीणा इथंच बोलते." प्रत्येक अभंग दोनदा सुरू व्हायचा. टाळकरी मधल्या वेळात पान खायचे. तीन वर्षांपूर्वी मंडळ फुटायला आलं होतं.

मग दिवाळीनंतरच्या गुरुवारी मी पहिल्यांदा यंत्र लावलं. बाबांनी मंडळाला सांगितलं होतं, "पोरगी वाजवंल, नाई तं मशीन घरी राहील." बाई माणूस मंडळात बसण्याची पहिलीच वेळ, त्यामुळे सगळे गप्प होते. तेवढ्यात गुणगुण सुरू झाली. नानाजीबुवांनी मान वर केली. "कोनाचा सा हाय हा?"

"कोनाचाच नाई," इंजिनवाला रामकिसन दारातून म्हणाला, "मशीनचा हाय."

दोघं म्हातारे बराच वेळ ऐकत बसले. मग पुंजाजीआबा म्हणाले, "मशीनचा हाय तं ठीक हाय." आणि वीणेची तार उतरवली. बुवा अर्धी पट्टी वर चढले, कारण काळी तीन दोघांच्या बरोबर मध्ये आहे. त्या दिवसापासून अभंग एकदाच सुरू होतो.

मला "मशीनची पोरगी" म्हणतात. मला बसू देतात ते तेवढ्यासाठीच, हे मला समजतं. गुणगुण गेली तर सा पुन्हा कोणाचा तरी होईल, भांडण उभं राहील, मंडळ फुटेल आणि माझी जागाही जाईल. म्हणून तुमचे सगळे उपाय करताना प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते की लागू पडू नये. उपाय मात्र नीट केले.

आणखी एक. मागच्या गुरुवारी रामकिसन इंजिन सोडून भजन ऐकायला येऊन बसला. इंजिन हळूहळू मंदावलं, दिवे पिवळे पडले आणि मशीनचा सा खाली सरकला. मंडळही त्याच्याबरोबर खाली गेलं, एकालाही समजलं नाही. संपल्यावर नानाजीबुवा म्हणाले, "आज आवाज कसा खोल लागला!" आबा म्हणाले, "वय झालं की लागते."

मी काही बोलले नाही. हा जर यंत्राचा दोष असेल आणि मला तो माहीत असून मी गप्प बसले, तर ते खोटं बोलणं होतं का? हे तुम्हालाच विचारता येतं.

विजयमाला


नागपूर,
३ जानेवारी १९४७

चि. विजयमाला हीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा हसणं आवरतं घेतलं. रे च्या सुराबद्दल ताईची माफी मागतो, तुझी पुढच्या पत्रात मागेन.

तू बागाईतदाराची मुलगी आहेस, म्हणून मोटेवर सांगतो. मोट पाणी एकसारखं आणत नाही. एक धबका, मग रिकामी खाली जाते, मग पुन्हा धबका. तरी तुमच्या वांग्यांपर्यंत पाट संथ वाहतो, कारण मध्ये हौद आहे. वीज व्हॉल्व्हमधून अशीच धबक्याधबक्यानं येते. तिला संथ करायला मध्ये जो हौद ठेवतात, त्याचं नाव कंडेन्सर. तुझ्या यंत्रात दोन आहेत. हौद गाळानं भरला, की पाट धबक्यांनी वाहतो. ते धबके तुला ऐकू येतात, ती गुणगुण.

विजेचा एक हेलकावा म्हणजे दोन धबके. काळी तीन म्हणजे सेकंदाला ब्याण्णवच्या आसपास धबके, म्हणजे तुमचं इंजिन शेहेचाळीसवर चालतं आहे. नागपूरला पन्नास असतात. रामकिसन तेल वाचवतो आहे, हे मला इथं बसून समजलं, असं त्याला सांग.

तुझ्या रे चंही तेच. सूर त्या धबक्यांवर वाहतो. धबके सा चे असले तर सा आणि प त्यांच्यात मुरून जातात. रे मुरत नाही, त्याची सावली वेगळी पडते. तुझा कान चांगला आहे. मी त्याला मनाचा खेळ म्हटलं ते चुकलं. ही माफी. पुढच्या पत्रापर्यंत थांबवलं नाही.

हौद लहान असण्याची एक मजाही असते. तार जोरात छेडलीस की यंत्र एकदम पुष्कळ वीज मागतं, हौद खाली जातो, सूर जरासा दबतो आणि हौद भरला की फुलतो. माणूस श्वास घेऊन गातो तसं वाटतं. तू आधीच्या पत्रात लिहिलं होतंस, "गिटार दम घेते." तो हाच.

खोटं बोलण्याचं विचारतेस. ज्यानं विचारलं नाही त्याला सांगितलं नाही, तर आमच्या धंद्यात त्याला खोटं म्हणत नाहीत. चाललं आहे ते चालू दे. फक्त यंत्र जास्त तापू देऊ नकोस.

रंगराव


कामरगाव,
शुक्रवार, १० जानेवारी १९४७

ती. रंगरावमामांना,

विजयमालेचा नमस्कार. मोटेचं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "रंगरावनं मोट कधी हाकली?" पण समजलं त्यांना.

दोन अडचणी आहेत.

पहिली. इंझोरीच्या यात्रेत ९ फेब्रुवारीला भजनी मंडळांची चढाओढ आहे आणि आमच्या मंडळाला मशीनसकट बोलावलं आहे. तिथं फिरत्या सिनेमाचा तंबू येतो, त्यांच्या जनरेटरवरून मांडवाला वीज मिळेल. चढाओढ दुपारी आहे, कारण संध्याकाळी जनरेटर सिनेमाला लागतो. रामकिसनला विचारलं तर म्हणाला, "सिनेमावाले पन्नासले एक कमी नाई होऊ देत. फिल्ममधली बाई रेड्यावानी बोलंल ना!"

पन्नास म्हणजे शंभर धबके. आईला पुन्हा भात्याला बसवावं लागलं. हिशेबानं शंभर म्हणजे पांढरी पाच, किंचित वर. मामा, पांढरी पाच हा पुंजाजीआबांचा सा आहे.

म्हणजे तीन गावांसमोर मशीन आबांची बाजू घेईल. नानाजीबुवांचं वय एकाहत्तर, त्यांना तिथं चढता येणार नाही. आणि चढता आलं तरी ते चढणार नाहीत. उठून जातील. आबा काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. मंडळ इंझोरीतच संपेल.

दुसरी. तुम्ही तापू देऊ नकोस लिहिलंत, म्हणून बुधवारी यंत्र बंद करून, वायर काढून, दोन तास थांबून खालचा पत्रा उघडला. कशालाही हात लावला नाही. एका कंडेन्सरमधून मेण गळून खाली पत्र्यावर साचलं आहे. त्याच्यावरचा तुमच्या दुकानाचा कागद एका बाजूनं सुटला आहे. आत छापलेलं आहे, १९३४.

हा आकडा कशाचा आहे?

विजयमाला


नागपूर,
१५ जानेवारी १९४७

चि. विजयमाला हीस आशीर्वाद.

तो आकडा सालाचा आहे.

मी तुला लिहिलं होतं, सगळा माल डिस्पोजलचा, नवा. एक कंडेन्सर सोडून. ऐन वेळी नवा एकच होता आणि तो एका वकिलाच्या रेडिओत घालावा लागला. म्हणून दुकानातल्या मोडीत काढलेल्या सेटमधला बारा वर्षांचा जुना काढून तुझ्या यंत्रात बसवला. वर दुकानाचा कागद चिकटवला. खेड्यात आठवड्यातून एकदा वाजणार, कोणाला समजेल, असं मनात आलं. तुझं "गुणगुणतं" हे पहिलं पत्र आलं तेव्हाच मला समजलं होतं की कोण गुणगुणतं आहे. आणि मी तुला सळई ठोकायला लावली.

आता ऐक. मेण गळलं म्हणजे तो आतून वाळला आहे, तापतो आहे. तो फुटला तर व्हॉल्व्ह जाईल आणि त्याच्यामागून ट्रान्सफॉर्मर. तसा ट्रान्सफॉर्मर मला पुन्हा मिळणार नाही. तो इंझोरीपर्यंत टिकेल असं मी सांगू शकत नाही. गुणगुण जायला हवी की राहायला हवी, हा प्रश्न आता उरला नाही. कंडेन्सर बदलावाच लागेल. दुकान सोडून मला येता येत नाही. तुझ्या आसपास हे करणारं तुझ्याशिवाय कोणी नाही.

पार्सलानं दोन नवे पाठवतो. आठचा आणि सोळाचा, म्हणजे लहान हौद आणि मोठा. आठचा व्हॉल्व्हच्या लगेच नंतर बसव, सोळाचा यंत्राच्या आतल्या लोखंडी वेटोळ्याच्या पलीकडे (गिटारीवरचं नव्हे). उलटं करू नकोस. पहिला हौद फार मोठा झाला तर तो भरताना व्हॉल्व्हवर ताण येतो. लाल वायर अधिककडे, काळी बैठकीला. यात चूक झाली तर नवाही फुटेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं. वीज बंद केली, वायर काढली, तरी हौदात पाणी असतं. हे पाणी माणूस मारतं. ते जिरवायला पार्सलात एक रेझिस्टन्स आहे, त्याला दोन लांब वायरी लावल्या आहेत, टोकांना लाकडी मुठी. वायर काढल्यावर मुठी धरून प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांना लाव आणि वीस मोज. मग पुन्हा लाव, पुन्हा वीस मोज. काम करताना डावा हात पाठीमागे ठेव. पायाखाली कोरडी फळी घे. भीती वाटली तर करू नकोस. चढाओढीला नुसत्या टाळ-मृदंगावर जा.

मामा


(पोस्टकार्ड)
नागपूर,
२८ जानेवारी १९४७

पार्सल मिळालं असेल. उत्तर नाही. काय झालं? उलट टपाली दोन शब्द. ताईनं लिहिलं तरी चालेल. नको, तूच लिही.

मामा


कामरगाव,
शुक्रवार, ३१ जानेवारी १९४७

ती. रंगरावमामांना,

विजयमालेचा नमस्कार. मी आहे.

पार्सल २० तारखेलाच मिळालं. पोच लगेच द्यायला हवी होती. पण नुसती पोच दिली असती तर काम झालं की नाही हे तुम्हाला समजलं नसतं आणि काम झाल्याशिवाय झालं असं लिहिता येत नव्हतं. तुमचं कार्ड आईच्या हाती पडलं. "तूच लिही" हे वाचून ती घाबरली आणि तिनं मला अंगणात उभं करून नीट पाहिलं.

काम मंगळवारी केलं. डाग द्यायचं हत्यार कल्हईवाल्याकडून मागून आणलं, चुलीत तापवलं. तुम्ही दोनदा वीस मोजायला सांगितलं होतं. मी पाच वेळा मोजलं. पहिल्या वेळी टोकाशी एवढीशी ठिणगी उडाली, पुढं काही नाही. डावा हात आईनंच पाठीमागे धरून ठेवला होता, माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. लाल, काळी वायर जोडण्यापूर्वी तुमचं पत्र बाबांकडून मोठ्यानं वाचून घेतलं. जुना कंडेन्सर उचलला तर भाजलेल्या भुईमुगासारखा हलका लागला.

संध्याकाळी रामकिसननं इंजिन चालू केलं. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले. मग काहीच झालं नाही, मामा. इतकं काहीच नाही की यंत्र जळालंच असं वाटून रामकिसन म्हणाला, "जयलं का व?" मी तार छेडली तेव्हा तो दचकला.

रे वाजवला. एकच रे. बराच वेळ तोच वाजवत बसले.

तुम्ही खरं ते विचाराल, म्हणून आवाजाबद्दल लिहिते. खर्जाची तार आता टणक लागते. पूर्वी सूर दबून मग फुलायचा. आता छेडल्याबरोबर उभा राहतो, साहेब वर्गात आल्यावर मुलं उभी राहतात तसा. दम घेत नाही. शुद्ध आहे. हे बरं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हाताला मात्र दम कुठे घ्यायचा ते आता स्वतः ठरवावं लागतं.

मंडळाला सांगायला मी काल गेले. "बुवा, मशीनमध्ये एक बदल केला आहे," इथपर्यंत बोलले. नानाजीबुवा म्हणाले, "मशीनचं मले नको सांगू. मशीन आपली हाय." आणि पुढचा अभंग विचारू लागले. काल यंत्र नेलं नव्हतं, बैलगाडीवर बांधायची तयारी म्हणून घरी ठेवलं, असं मी सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे. काल अभंग दोनदा सुरू झाले. टाळकऱ्यांनी पानं काढली.

तुम्ही कंडेन्सरचं साल लपवलंत, त्याचा मला राग आला होता. पण आता मीही कागद चिकटवूनच बसले आहे, म्हणून राग लिहिण्याचा मला हक्क नाही. इंझोरीला जाताना सांगेन.

विजयमाला


कामरगाव,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९४७

ती. रंगरावमामांना,

विजयमालेचा नमस्कार. यंत्र सुखरूप आहे. तुम्ही पहिल्यांदा तेच शोधाल म्हणून आधी लिहिलं.

इंझोरीला शनिवारी संध्याकाळी पोचलो. जाताना वाटेत सांगायचं ठरवलं होतं, पण बुवा आणि आबा दोन वेगळ्या गाड्यांत बसले होते. एकाला आधी सांगितलं तर तो त्याची बाजू झाल्यासारखं होईल, म्हणून दोघं एकत्र येण्याची वाट पाहत राहिले. ते एकत्र आले ते थेट मांडवात.

चार मंडळं होती. आमचा क्रमांक तिसरा. दुपारचे तीन वाजले असतील. हजारभर माणूस बसलं होतं. सिनेमाच्या माणसानं वायर आणून दिली. मी बटण दाबलं. नानाजीबुवांनी डोळे मिटले, पुंजाजीआबांनी वीणेच्या खुंटीवर हात ठेवला आणि दोघं वाट पाहू लागले.

व्हॉल्व्ह तापले. मशीन गप्प.

बुवांनी एक डोळा उघडला. "पोरी, मशीन चालू हाय ना?"

"हाय बुवा."

"मंग बोलत काहून नाई?"

"बोलंल," पुंजाजीआबा म्हणाले. "गाव नवं हाय."

दोघं पुन्हा थांबले. समोर इंझोरीची मंडळी हसायला लागली होती. टाळकऱ्यांपैकी एकानं खरोखर पानाच्या पिशवीत हात घातला. मला सांगायचं होतं ते तिथं सांगता येणार नव्हतं. बुवांचा सा एका बाजूला, आबांचा दुसऱ्या बाजूला, आणि काळी तीन माझ्या कानात होती, कारण तीन महिने दर गुरुवारी मी तिच्याशेजारी बसले होते. तारांवर सरकवून सूर काढायची लोखंडी कांब मी खर्जाच्या तारेवर ठेवली आणि अंगठ्यानं सा दिला. हलका, एकसारखा. सूर संपायच्या आत पुन्हा दिला.

"बोलली," आबा म्हणाले आणि खुंटी पिळली. बुवांनी अभंग उचलला. एकदाच.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला इंझोरीचा, त्यांचं गाव आहे. दोघांपैकी कोणी कोणाला बोललं नाही, म्हणजे सगळं ठीक होतं.

परतीला कारंज्यात मुक्काम झाला आणि सकाळी दोघं आपणहून एका गाडीत बसले. यंत्र कडब्यावर, त्याच्या शेजारी मी. मग मी सांगितलं. सगळं. की गुणगुण हा दोष होता, मला महिना-दीड महिना माहीत होतं, मी तो माझ्या हातानं काढला. इंझोरीला मशीन बोललीच नाही. सा मी दिला. आणि शेवटच्या अभंगात बुवांचा आवाज थकला तेव्हा कांब केसभर मागे सरकवली आणि सगळ्यांना खाली आणलं. आबांची वीणा वरच राहिली असती, पण आबांनी हातानं तार सैल केली. ती फसवणूक होती आणि मी तीन गावांसमोर केली. आता मंडळातून मला उठवायचं असेल तर उठवा, यंत्र मात्र बाबांकडे परत द्या, ते मामांनी दिलेलं आहे, असंही म्हणाले.

गाडीवान कान टवकारून बसला होता.

"म्हंजे खाली गेलं ते तू नेलं?" बुवांनी विचारलं.

"हो."

"मले वाटलं रामकिसन इंजिन सोडून आला."

पुंजाजीआबा हसले नाहीत. म्हणाले, "मले समजलं होतं. तिचा अंगठा हालत होता." मग थोड्या वेळानं, "मशीनले अंगठा नसते."

"मंग बोलला काहून नाईस?"

"तू बोलला असता, 'पोरीचा सा म्या नाई घेत.'"

कामरगावची झाडं दिसायला लागली. उतरताना बुवा मला म्हणाले, "या बुढ्यासंग म्या नऊ वर्सं भांडलो. तुह्यासंग भांडाले आता नऊ वर्सं कुठून आनू?"

याचा अर्थ काय घ्यायचा हे मला समजलं नाही. तीन दिवस नीट झोप लागली नाही. बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "गुरुवारी जाऊन पाह्य."

काल गुरुवार होता. यंत्र नेलं, लावलं, बटण दाबलं. मशीन गप्प. रामकिसन दारात उभा होता. सगळं मंडळ बसलं होतं आणि सुरुवात कोणीच करेना. मी मान खाली घालून तारा पुसत होते.

"विजे," नानाजीबुवा म्हणाले, "दे."

मी दिला.

पुंजाजीआबांनी खुंटी पिळून वीणा जुळवायला घेतली. बुवांनी त्यांच्याकडे न पाहता विचारलं, "कोनाच्या सुराले लावून राह्यला?"

"पोरीच्या."

"मंग लाव," बुवा म्हणाले, आणि थांबले. आबांची वीणा जुळेपर्यंत थांबले.

जुना कंडेन्सर या पत्रासोबत पाठवते आहे. तो रिकामा आहे. लाकडी मुठींच्या वायरी लावून मी पुन्हा दोनदा वीस मोजले आहेत.

तुमची,
विजयमाला